गीताबाईची सातची सिरियल

माझा धंदा टीव्हीच्या छत्र्या बसवण्याचा. सालेकसा बाजारात माझं छोटं दुकान आहे आणि आजूबाजूच्या बारा-पंधरा गावांतल्या कौलांवर, स्लॅबवर मी बसवलेल्या छत्र्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. पंधरा वर्षं झाली या कामाला. पण खरं सांगायचं तर मला टीव्ही पाहायला मुळीच आवडत नाही. हलवाई आपली जिलबी खात नाही म्हणतात, तशातली गत. लोकांना मात्र हे पटत नाही. छत्री लावून शिडीवरून खाली उतरलो की घरची बाई विचारणारच, "वीरेंद्रभाऊ, पायन्यासारकं काय लागून राहिलं सध्या?" आता माहीत नाही म्हणावं तर गिऱ्हाइकाला वाटतं, यानं छत्रीच बोगस दिली. म्हणून मी बेधडक मत ठोकून देत असे. आणि ठोकून देत असलेलं ते मत माझं नसे, गीताबाईचं असे.

गीताबाई म्हणजे आमच्या गावातली माझी शेजारीण. नात्यानं कोणी नव्हे, पण जन्मापासून मी तिला काकी म्हणतो. तलावाच्या पाळीला लागून तिचं घर. नवरा हिरालाल जाऊन अकरा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा प्रफुल पुण्याकडे कंपनीत. दोन एकर धानाची बांधी ठेक्यानं दिलेली. घरात ती, एक मांजर आणि टीव्ही.

टीव्हीबद्दल काकीची मतं अशी पक्की होती की सरकारनं विचारलं असतं तर तिनं सरकारलाही सुनावलं असतं. स्वयंपाकाचे कार्यक्रम तिच्या लेखी बाद. का, तर ते लोक घास तोंडात घालून 'वा' म्हणतात, पण गिळताना कोणी दिसत नाही. गाण्याच्या स्पर्धेत गाणं कमी आणि रडणं जास्त, म्हणून तीही बाद. बातम्यांविषयी तिचं म्हणणं असं, की चार माणसं चार खिडक्यांत बसून भांडतात, मग आमच्या गल्लीत काय वाईट आहे, इथं तर माणसं ओळखीची तरी असतात. पौराणिक मालिका तिला चालायची, पण देवांनी एवढी लिपस्टिक कायले लावावी, हा प्रश्न तिला सुटला नव्हता. आणि चांगल्या सिरियलची तिची एकच परीक्षा होती. "डोये मिटून समजली तं पायन्यासारकी," ती म्हणायची. "डोये उघडेच ठेवा लागले तं समज का त्याइच्यापाशी सांगाले काई नाई."

ही परीक्षा तिनं हवेतून आणली नव्हती. ती विडीच्या कामातून आली होती.

आमच्या भागात तेंदूपानाला तोटा नाही, आणि एके काळी घरोघरच्या बाया विड्या वळत. हिरालाल काकांनी गावातला पहिला रंगीत टीव्ही आणला तेव्हा आठ-दहा बाया आपापली सुपं घेऊन काकीच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, वळायला येऊन बसू लागल्या. पण विडी वळणारीला टीव्ही पाहता येत नाही. नजर हटली की पान फाटतं, तंबाखू सांडतो. मग या बायांनी एक रीत काढली. रोज एकीनं पडद्याकडे पाहायचं आणि काय चाललंय ते बाकीच्यांना सांगायचं. पाहणारीचं काम मागे पडणार, म्हणून उठताना प्रत्येकीनं आपल्या सुपातली एक मूठ विड्या तिच्या सुपात टाकायच्या. सांगणारीचा वाटा म्हणत त्याला. सुरुवातीला पाळ्या होत्या. पण महिन्याभरात बायांच्या लक्षात आलं की गीता सांगते ती सिरियल टीव्हीवरच्या सिरियलपेक्षा कितीतरी बरी असते. पाळ्या बंद झाल्या. पुढची तीस वर्षं सांगायची गीताकाकीनंच.

आणि तिच्या डाव्या हाताला बसायची चंदाबाई. चंदाबाईचं काम एवढंच, की गीता थांबली की म्हणायचं, "मंग?"

हे काही सोपं काम नाही. मी लहान असताना त्या सपरीत खूप वेळ काढला आहे म्हणून सांगतो. कोणी घाईनं 'मग' म्हटलं की सांगणारा उरकून टाकतो. कोणी उशिरा म्हटलं की त्याचं मन उडतं. चंदाबाईचा 'मंग' बरोब्बर वेळेवर पडायचा, आणि त्यात असं काही असायचं की पुढचं सांगितल्याशिवाय काकीला राहवायचंच नाही. दोघी एकाच गावात दिलेल्या, एकाच वर्षी नांदायला आलेल्या. भांडणं झाली असतील, पण सपरीतली जागा कधी बदलली नाही.

पुढे विडीचं काम आटत गेलं. काही बाया वर गेल्या, काहींच्या हातात मोबाइल आला. ज्याची त्याची सिरियल ज्याच्या त्याच्या मुठीत. सपरी रिकामी झाली. तीन वर्षांपूर्वी चंदाबाईचा नवरा वारला आणि मुलगा भोजराज तिला दुर्गला घेऊन गेला. सालेकसाहून गाडीत बसलं तर दुर्ग काही लांब नाही, पण म्हाताऱ्या माणसाला तिकिटाआधी सोबत लागते. जाताना चंदाबाई म्हणाली होती, "तेथं नातवाइच्या हाती राहीन टीव्ही. मले कोन पाहू देईन? तूच सांगत जाय."

तेव्हापासून नेम पडला. सातची सिरियल काकी पाहायची आणि साडेसातला चंदाबाईला फोन लावायची. त्या सिरियलचं नाव मला आजही ठाऊक नाही. आमच्याकडे सिरियल वेळेवरून ओळखतात. सातची म्हणजे एक म्हातारी, तिचे तीन मुलगे, तीन सुना, सात खोल्यांचं घर आणि रोज एक भांडण. संध्याकाळी मी दुकान बंद करून घरी येई तेव्हा काकीचा आवाज गल्लीत ऐकू येई, "मंग मोठी सून काय म्हन्ते..." मला त्याचा वैताग यायचा. दिवसभर टीव्हीवाल्यांची कटकट ऐकायची आणि घराजवळ आलं तरी तेच. मी गाडी तशीच घरात घालायचो.

गेल्या चैत्रात ती सिरियल बंद पडली. मला कळलं ते गिऱ्हाइकांकडून. सातला आता भलतंच काही लागतं, छत्री नीट कर, म्हणून तीन-चार फोन आले. चॅनेलनं अर्ध्या तासात सगळं गुंडाळलं म्हणे. दोन वर्षं एकमेकींच्या जिवावर उठलेल्या सुनांनी एकाच भागात सासूचे पाय धरले, सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं आणि फोटो काढला. मी ते ऐकलं आणि विसरलो.

काकीच्या घरून मात्र साडेसातचा आवाज येतच होता. मधली सून, धाकटा मुलगा, कोर्टाचा कागद. मी कधी विचारच केला नाही. दुसरी लागली असेल एखादी.

दिवाळी झाली. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाची आपली मंडई, आपला दिवस. त्या दिवशी लेकीबाळी, गाव सोडून गेलेले सगळे येतात, दुकानं लागतात, रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, रंगते. आमच्या मंडईच्या आदल्या दिवशी काकीचा फोन आला.

"वीरेंद्र, शिडी घेऊन ये. टीव्हीचं काम हाय."

गेलो. टीव्ही झक्क चालू होता. "काय बिघडला?" मी विचारलं.

"बिघडला नाई. बिघडवाचा हाय."

मला वाटलं काकीचं डोकं फिरलं. पंधरा वर्षांच्या धंद्यात असं काम कोणी सांगितलं नव्हतं. "काऊन?" मी विचारलं.

"चंदा येऊन राहिली उद्या. मंडईले."

"मंग चालू टीव्ही दाखव ना तिले."

काकी पदराच्या टोकाला गाठ मारू लागली, सोडू लागली. मग एकदम म्हणाली, "सातची तं चैतातच संपली बापू. मी चंदाले सांगतलंच नाई."

मला समजायला थोडा वेळ लागला. "आठ महिने झाले, काकी. तू तं रोज सांगते फोनवर."

"बनवून सांगतो."

"रोज?"

"सातपासून साडेसातवरी बसतो. बंद टीव्हीपुढं. काय सांगाचं ते बसवतो मनात. मंग फोन लावतो." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आमच्या काकीचा नेहमीचा तोरा नव्हता. "ज्या दिवशी संपली ना, त्या दिवशी फोन लावला. म्हनलं, सांगाव का आजचा आखरी भाग. ते म्हनाली, 'मंग?' मी म्हनलं, आता सांगतलं तं उद्या कायले फोन करू? माह्यापाशी दुसरं हाय काय सांगाले? उठली, भात केला, झोपली. हे कोन आयकते?"

"प्रफुलचा फोन येते ना?"

"येते. 'बरी हाय का?' म्हन्ते. 'हाव' म्हन्तो. ठेवून देते."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी शिडी लावली, वर चढलो आणि छत्री दोन बोटं फिरवली. खाली पडद्यावर पाटी आली, सिग्नल नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ती पाटी पाहून काम झालं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोजराजनं आईला गाडीत बसवून दिलं आणि सालेकसा स्टेशनावरून मीच तिला माझ्या मोटारसायकलवर घेऊन आलो. चंदाबाई बरीच वाळली होती. गाडीवर बसली तर मागं कोणी बसलंय असं वाटेना. मी म्हटलं, "मावशी, दुर्गचं पानी लागलं नाई वाटते." ती म्हणाली, "वय झालं बाबू." मी पुढं काही विचारलं नाही. मंडईच्या गर्दीतून गाडी काढायची होती.

संध्याकाळी सातला बरोबर काकीची आरडाओरड सुरू झाली. "या वीरेंद्रची छत्री! मेल्यानं आजच दगा देल्ला! इतक्या दिवसानं मैतरीन आली आन याले आजच लाज सोडाची होती!" अख्खी गल्ली ऐकत होती. मंडईला आलेले पाहुणे थांबून पाहू लागले. ठरल्याप्रमाणे मी मान खाली घालून शिडी लावली आणि वर जाऊन बसलो. उगाच पान्याचा आवाज करत राहिलो. धंद्याची एवढी बेअब्रू मी आजवर कोणासाठी करून घेतली नव्हती.

खाली सपरीत दोघी बसल्या होत्या. जुन्याच जागेवर. कौलांच्या फटीतून मला त्यांची डोकी दिसत होती.

"जाऊ दे वं टीव्ही," चंदाबाई म्हणाली. "तू सांग."

आणि काकी सांगू लागली. मी आठ महिन्यांत पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. सिरियलमधल्या तीन सुनांपैकी आता एकही उरली नव्हती. मोठी मुंबईला गेली होती, मधली माहेरी. धाकटीला काकीनं अपघातात मारून टाकलं होतं. मुलगे परदेशी. सात खोल्यांच्या घरात एकटी म्हातारी.

"...आन एक दिवस तिनं भात टाकला, तं जुन्या सवयीनं टाकला. सप्पा घराचा, साऱ्याइचा."

"मंग?"

"मंग काय. गंजभर भात. कोन खाईन? तिनं दोन दिवस खाल्ला. तिसऱ्या दिवशी आंबला तं फेकला."

"मंग?"

"मंग तिले ताप आला. कोनाले सांगतलं नाई. पडून राहिली. मांजर येऊन पायापाशी बसे."

मी वर पाना हातात धरून बसलो होतो. अश्विनात काकी चार दिवस दिसली नव्हती, ते मला आठवलं. भिंतीला भिंत लागून माझं घर आहे. मी समजलो होतो की कुठं गावाला गेली असेल.

सांगणं संपल्यावर चंदाबाई उठली. भिंतीवर खिळ्याला काकीचं जुनं सूप टांगलेलं होतं. ते तिनं काढलं, झटकलं, आणि आपल्या पिशवीतून दिवाळीचा चिवडा काढून एक मूठ त्यात टाकला. "सांगनारीचा वाटा," ती म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता काकीनं तोंडाला पदर लावला.

चंदाबाई दुसऱ्याच दिवशी परत निघाली. नातवाची परीक्षा होती म्हणे, आणि सुनेला घरात तिची गरज होती. स्टेशनावर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ती दम खात होती. दोन-तीनदा तिनं पोटावर हात दाबला.

मग सहज विचारावं तसं म्हणाली, "छत्री तूनंच फिरवली ना?"

मी दचकलो.

"सिरियल संपली, मले मालूम हाय," चंदाबाई म्हणाली. "भोजराजनं माह्या खोलीत येगळा टीव्ही लावून देल्ला. मी रोज पायत होती सातले. आखरी भागही पायला. फोटो काढतेत तो."

"मंग साडेसातले पुन्हा कायले आयकत होती, मावशी?"

"गीताची बरी राहे."

"आन संपल्यावर सांगतलं काऊन नाई?"

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी शाळेतल्या ढ पोराकडे मास्तरीण पाहते. "तुले गीता मालूम नाई. तिले आपलं सांगता येत नाई. बाईले नवरा मेला तेव्हाही रडता नोहोतं आलं, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी सांगत बसली होती. आता ते सिरियल सांगते तं मले समजते. बुढी जेवली नाई म्हनली का समजतो, गीता जेवली नाई. बुढीले ताप आला म्हनली का मी रातभर जागतो. मी जर म्हनलं, सिरियल संपली, तं ते काय म्हनन? 'बरी हाय' म्हनन आन फोन ठेवन."

गाडी येत असल्याची घंटा झाली. तिनं पिशवी उचलली. "एका भितीचं अंतर हाय तुया घरात आन तिच्या घरात," ती म्हणाली. "संध्याकाळी कान ठेवत जाय. बुढी पडली-धडली असं आयकलं तं धावजो." आणि डब्यात चढताना वळून म्हणाली, "तिले सांगजो नोको."

मी सांगितलं नाही. छत्री सरळ केली, आणि त्या दिवसापासून साडेसातच्या आधी घरी येऊ लागलो. गाडी आत घालून ओट्यावर बसायचो आणि ऐकायचो. मार्गशीर्षात म्हातारीच्या गुडघ्याला सूज आली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सहज म्हणून तेलाची बाटली देऊन आलो. काकीनं मला दारातच उभं केलं. "तुले कोनं सांगतलं रे?" मी म्हटलं, थंडीत सगळ्याइचेच गुडघे दुखतात. पुसात म्हातारीच्या सात खोल्यांपैकी एका खोलीचं छप्पर गळू लागलं, म्हणून मी काकीची कौलं फेरून दिली. मलाच माझं कौतुक वाटत होतं. टीव्हीवर पाहण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं की आता मी मनातल्या मनात म्हणायचो, एक आहे, पण ती तुमच्या छत्रीवर येणार नाही.

माघात एके दिवशी संध्याकाळी साडेपाचला भोजराजचा फोन आला. मी एका गावात छपरावरच होतो.

"वीरेंद्रभाऊ, आई गेली. सकाळी. आताच घाटावरून आलो."

"अरे, सकाळी फोन कराचा ना! काकी आली असती."

"धावपळीत राहून गेलं." तो रडत होता. "आठ दिवस झाले दवाखान्यात होती. गीताकाकीचा फोन तेथंच घे. माही बायको फोन तिच्या कानाशी धरून ठेवे. आईच सांगाले नोको म्हने. काल फक्त 'मंग' म्हनत होती, दुसरं काई बोलता येत नोहोतं तिले. काकीले तुमी सांगा भाऊ. मले नाई होत."

मी शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. वाटभर वाक्यं जुळवत आलो. काकीच्या घरात शिरलो तेव्हा सात वाजून गेले होते. ती बंद टीव्हीपुढं बसली होती, फोन मांडीवर. मला पाहून तिनं हातानंच बस म्हटलं. तिचं काम चाललं होतं. मांजर तिच्या पायाशी होतं. मी भिंतीला टेकून बसलो आणि तोंड उघडायचा धीर होईना. मी स्वतःला शिव्या घातल्या. अंगणातूनच सांगायला हवं होतं.

साडेसातला तिनं फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिनं पुन्हा लावला.

"उचलत नाई," ती म्हणाली. "सैपाकात असन."

तिसऱ्यांदा लावू लागली तेव्हा मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बाजूला ठेवला.

"काकी, आज सिरियल मी सांगतो."

"तू?" ती हसली. "तुले काय मालूम सिरियलचं? तू तं शिव्या देते सिरियलले."

"आयक तं. त्या बुढीची एक मैतरीन होती. लांब राहे. बुढी तिले रोज फोनवर गोष्टी सांगे."

काकीचं हसू थांबलं. ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी काय सांगायला आलोय ते तिला तिथंच कळलं असावं, पण तिनं मला थांबवलं नाही. अगदी हळू, चंदाबाई म्हणायची तसंच ती म्हणाली,

"मंग?"

"त्या गोष्टी बनवलेल्या होत्या. मैतरनीले मालूम होतं. पयल्या दिवसापासून मालूम होतं. तरी आयके."

"मंग?"

"मंग ते बिमार पडली. दवाखान्यातही आयके. सुनबाई फोन धरे. काल पावतर आयकलं तिनं."

"मंग?"

माझ्यापाशी पुढं काही नव्हतं. "मंग आज सकाळी गेली, काकी," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं. सांगायला आलेला मी, आणि मीच पोरासारखा रडत होतो.

काकी रडली नाही. चंदाबाई म्हणाली होती तशीच बसून राहिली. बराच वेळ तिची बोटं मांडीवर नुसती हलत होती, पान वळावं तशी. मग ती उठली, खिळ्यावरचं सूप काढून पुढ्यात घेऊन बसली. त्यात काही नव्हतं.

"तीस वर्षं ते माह्या सुपात टाकत राहिली," ती म्हणाली. "मीच सांगत होती ना. सांगनारीलेच भेटते. मी एक दिवस म्हनलं नाई का चंदा, आज तू सांग." तिचा आवाज फुटला. "मी माहं सप्पा सांगून टाकलं रे तिले. तिचं काय चाललं, मी इचारलंच नाई. एक दिवस नाई इचारलं."

गल्लीत कोणाच्या तरी घरी टीव्हीचा आवाज मोठा झाला. काकीनं सुपाच्या काठावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "तिले काय झालं होतं, वीरेंद्र?"

मंडईला वाळलेली चंदाबाई मला दिसली. स्टेशनच्या बाकावर पोट दाबून बसलेली दिसली. भोजराजनं आठ दिवस दवाखाना म्हटलं होतं, तेवढंच.

"मालूम नाई, काकी," मी म्हणालो. "मीही नाई इचारलं."